संथ गतीचा अपराध : दक्षिण कॅलिफोर्नियातील मोटार-मंडळांच्या सामूहिक फेरीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली कोणते यंत्र किती मैल वेगाने धावले, कोणत्या शर्यतीत कोणी उच्चांक मोडला, ह्याच्या नोंदी विपुल आहेत. आणि जेथे नोंदी विपुल तेथे इतिहासकाराचे लक्ष स्वाभाविकच जाते. परंतु ह्याच वाहनाभोवती विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्निया विभागात एक अशी सामाजिक प्रथा उदयास आली की, जिचे सर्वस्व वेगात नसून संथपणात होते. जुनी गाडी घ्यावी, तिची बांधणी बदलून ती जमिनीलगत आणावी, तिच्यावर रंगकाम आणि गादीकाम मनापासून करावे, आणि शनिवार-रविवारी आपल्या मंडळातील इतर गाड्यांसमवेत भर वस्तीतल्या रस्त्यावरून अगदी धिम्या गतीने फेरी काढावी, असे ह्या प्रथेचे स्वरूप होते. अशा गाडीला आणि ती चालविणाऱ्यालाही ‘लोरायडर’ हे एकच नाव पडले. ‘खाली आणि हळू’ ह्या अर्थाचे स्पॅनिश शब्द तिचे ब्रीद बनले.

ही फेरी वरवर पाहता निरुपद्रवी करमणूक आहे. तरीही कॅलिफोर्निया राज्याने तिच्यावर दोन वेळा कायद्याचा बडगा उचलला, आणि त्या तरतुदी संपूर्णपणे रद्द होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. भरधाव गाडी हाकणे अपराध ठरावे हे समजण्याजोगे आहे. सावकाश गाडी हाकणे अपराध का ठरावे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. त्याच्या उत्तरात रस्ता ह्या सार्वजनिक वस्तूवर मालकी कोणाची, हा मोठा प्रश्न दडलेला आहे.

१. वेगाची सोय

ह्या प्रश्नाची उकल होण्यासाठी प्रथम त्याच प्रदेशातील दुसऱ्या एका प्रथेकडे पाहणे इष्ट ठरेल. दोन महायुद्धांच्या दरम्यान लॉस एंजेलिसच्या परिसरातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांची यंत्रे सुधारून, अनावश्यक भाग काढून टाकून त्या अधिकाधिक वेगवान करू लागले होते. अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. शहरातील रस्त्यांवर त्यांच्या शर्यती लागत, अपघात होत, आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्याविरुद्ध ओरड होई. म्हणजे लोकांच्या जीविताला प्रत्यक्ष धोका येथे होता. असे असूनही ह्या छंदाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

१९३७ साली मोटार-मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली आणि मोहावी वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या विस्तीर्ण, सपाट तळांवर वेगमापनाचे शिस्तबद्ध कार्यक्रम सुरू झाले. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन ह्यांच्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. १९४९ मध्ये यूटा राज्यातील बॉनेव्हिल येथील मिठाच्या मैदानावर वेग-सप्ताह भरला. १९५१ साली वॉली पार्क्स ह्यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ अस्तित्वात आली, आणि १९५३ मध्ये तिने पोमोना येथील जत्रेच्या मैदानावर आपली पहिली अधिकृत स्पर्धा घेतली. रस्त्यावरचा उपद्रव मैदानावर हलविला तर तो क्रीडा होतो, हे ह्या संघटनांनी शासनाला आणि समाजाला पटवून दिले. दोन दशकांच्या आत हुल्लडबाज म्हणून हिणविलेला तरुण खेळाडू आणि तंत्रज्ञ म्हणून मान्यता पावला.

ह्या मान्यतेचे रहस्य एका साध्या गोष्टीत आहे. वेगाला रस्त्याची गरज असते, पण वस्तीची नसते. किंबहुना वस्ती नसलेली बरी. म्हणून वेग शहराबाहेर नेता आला. संथ फेरीचे तसे नव्हते. ओळखीच्या माणसांनी पाहावे, दुकानांच्या दिव्यांत रंग झळकावा, पदपथावरून कोणी हाक मारावी आणि चालकाने तिला उत्तर द्यावे, ह्यासाठीच ती फेरी होती. कोरड्या सरोवराच्या तळावर तिला काहीच अर्थ उरला नसता. जो छंद स्थलांतर करू शकला त्याला मैदान मिळाले. जो करू शकत नव्हता त्याच्या वाट्याला पोलीस आला.

२. उंची आणि कलम

संथ फेरीची प्रथा मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन, अर्थात पुढे स्वतःस ‘चिकानो’ म्हणवून घेणाऱ्या समाजात वाढली. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांतही तिने लवकरच मूळ धरले. दुसऱ्या महायुद्धानंतर नोकरदार आणि सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा खेळू लागला होता. नवी गाडी परवडण्याजोगी नव्हती, परंतु दहा-पंधरा वर्षांपूर्वीची शेव्हरोले स्वस्तात मिळे. गाडी खाली आणण्यासाठी डिकीत वाळूची पोती किंवा सिमेंटच्या लाद्या ठेवीत, अगर स्प्रिंगा कापीत. साधन ओबडधोबड होते. परिणाम मात्र डोळ्यांत भरणारा होता.

डोळ्यांत भरणे हीच अडचणही होती. १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांच्या टोळ्यांनी ढगळ ‘झूट’ पोशाख केलेल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना रस्त्यात गाठून मारहाण केली होती, आणि अटक बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच झाली होती. पोशाखावरून माणूस संशयित ठरविण्याची ही रीत युद्धानंतर गाडीलाही लागू झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन-संहितेत २४००८ क्रमांकाचे कलम आले. मूळ बांधणी बदललेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, असा त्याचा आशय होता. कलमाची भाषा तांत्रिक व सर्वांना समान होती. परंतु व्यवहारात ते कोणाला लागू पडणार हे रस्त्यावरच्या शिपायास ठाऊक होते.

ह्या कलमाला पहिले उत्तर वकिलांकडून आले नाही. ते गॅरेजातून आले. १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे ह्या तरुणाने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ नावाच्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीला विमानांच्या भंगारातून मिळणारे तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसविले. युद्धकाळात विमान-कारखान्यांनी गजबजलेल्या त्या प्रदेशात असे सुटे भाग दुर्मीळ नव्हते. कळ दाबताच गाडी खाली बसे, आणि पोलीस दिसताच ती पुन्हा कायद्याने ठरविलेल्या उंचीवर येई. पुढे मालमोटारींच्या मागील फळ्या उचलण्याचे पंप आणि डिकीत रचलेल्या बॅटऱ्या ह्यांच्या साह्याने ही यंत्रणा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. १९५८ ते १९६४ ह्या काळातील शेव्हरोले इम्पालाचा सांगाडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराचा असून त्यास बाजूच्या तुळया नसत. त्यामुळे ती गाडी सहज जमिनीलगत बसे. ह्याच वर्षांच्या इम्पालांना ह्या समाजात आजही जे मानाचे स्थान आहे, त्याचे एक कारण ह्या रचनेत सापडते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा गाडीची उंची स्थिर करावयास निघाला होता. त्याच्यामुळे खालीवर होणारी, पुढे तर उड्या मारणारी गाडी जन्मास आली. निर्बंधाने प्रथा खुंटली तर नाहीच, उलट तिला तिचे सर्वांत ठळक लक्षण मिळाले.

३. मंडळ आणि फेरी

ह्या गाड्या एकेकट्या क्वचितच फिरत. त्यांचे मालक मंडळांत संघटित झालेले असत. १९६२ साली रुएलास बंधूंनी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात ‘ड्यूक्स’ हे मंडळ स्थापन केले. ते आजवर टिकलेल्या जुन्या मंडळांत गणले जाते. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये ‘इम्पीरियल्स’ मंडळ नावारूपास आले. अशा मंडळांना पदाधिकारी असत, वर्गणी असे, नियमित सभा होत, आणि गाडी मंडळाच्या दर्जास उतरली तरच सभासदास मंडळाचे नाव कोरलेली धातूची पाटी मागील काचेत लावण्याची परवानगी मिळे. पाटी काढून घेतली जाणे ही मोठी शिक्षा समजली जाई. पुढे स्त्रियांची स्वतंत्र मंडळेही निघाली. तात्पर्य, बाहेरून ज्यास टोळी म्हटले गेले ती पुष्कळदा लिखित नियम असलेली एक स्वयंसेवी संस्था होती. खऱ्या टोळ्यांचा उपद्रव त्या वस्त्यांत होताच, आणि त्याची झळ मंडळांनाही लागत असे. इम्पीरियल्स मंडळाचे जेसी वालादेझ ह्यांची १९६३ सालची इम्पाला अशाच एका प्रसंगी विटा-दगडांच्या माऱ्याने निकामी झाली. त्यांनी १९६४ सालची दुसरी इम्पाला घेऊन तिच्यावर शेकडो गुलाब रंगवून घेतले. ‘जिप्सी रोज’ ह्या नावाने ती ह्या परंपरेतील सर्वाधिक प्रसिद्ध गाडी ठरली, आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ ह्या दूरदर्शन-मालिकेच्या प्रारंभीच्या दृश्यांतून ती अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली.

फेरीचे केंद्र पूर्व लॉस एंजेलिसमधील व्हिटियर बुलेव्हार्ड हा रस्ता होता. दुकाने, चित्रपटगृहे आणि खाद्यगृहे ह्यांनी गजबजलेला हा त्या वस्तीचा राजरस्ता. एखाद्या उद्यानात किंवा मोकळ्या वाहनतळावर गाड्या जमत, मंडळ-मंडळाची रांग लागे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा परत येणे असे कित्येक वेळा चाले. गीतकार-वादकांनीही ह्या रस्त्याची दखल घेतली. ‘दी मिडनाइटर्स’ ह्या वाद्यवृंदाने १९६५ मध्ये त्याच्या नावानेच एक ध्वनिमुद्रिका काढली. काही अभ्यासक ह्या फेरीचा संबंध मेक्सिकन गावांतील चौकात सायंकाळी स्त्रीपुरुषांनी घ्यावयाच्या पारंपरिक प्रदक्षिणेशी जोडतात. साम्य उघड आहे; तथापि साम्यावरून सरळ वंशावळ मांडण्याचा मोह टाळलेला बरा. शनिवारी रात्री मुख्य रस्त्यावर गाड्या फिरविण्याची रीत त्या काळी अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक लहान गावात होती. चिकानो तरुणांनी ती उचलली आणि तिला आपले रूप दिले, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल.

फेरीला विशेष अर्थ प्राप्त झाला तो परिसरामुळे. युद्धोत्तर दोन दशकांत बॉइल हाइट्स आणि पूर्व लॉस एंजेलिस ह्या वस्त्या चिरून अनेक द्रुतगती महामार्ग नेण्यात आले. घरे गेली, शेजार तुटले. महामार्गाच्या दृष्टीने ही वस्ती म्हणजे वेगाने ओलांडून जाण्याची जागा होती. मंडळाच्या फेरीत तीच वस्ती थांबत-थांबत पाहण्याची आणि दिसण्याची जागा झाली.

४. रस्ता बंद

पूर्व लॉस एंजेलिस ही स्वतंत्र नगरपालिका नव्हे. तेथील पोलीस व्यवस्था परगण्याच्या शेरीफकडे असते. म्हणजे ज्या अधिकाऱ्यांचा बंदोबस्त त्या रस्त्यावर असे, ते तेथील रहिवाशांनी निवडलेल्या एखाद्या नगरसभेला उत्तरदायी नव्हते. १९७० च्या २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ निघालेला चिकानो मोर्चा पोलिसांनी उधळला. त्याच दिवशी व्हिटियर बुलेव्हार्डवरील एका मद्यगृहात शेरीफच्या अधिकाऱ्याने झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे लागून पत्रकार रुबेन सालाझार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ह्या रस्त्यावरचा कोणताही जमाव शासनाच्या दृष्टीने केवळ वाहतुकीचा प्रश्न राहिला नाही, आणि रहिवाशांच्या दृष्टीने पोलिसांचा कोणताही बंदोबस्त केवळ वाहतुकीचा बंदोबस्त राहिला नाही. १९७९ मध्ये शेरीफच्या खात्याने सप्ताहान्ती हा रस्ता फेरीसाठी बंद केला.

बंदीच्या बाजूने काहीच कारणे नव्हती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. शेकडो गाड्यांच्या रांगेने बसगाड्या आणि रुग्णवाहिका अडत. दुकानदारांची गिऱ्हाइके रस्ता ओलांडू शकत नसत. गर्दीचा फायदा घेऊन मारामाऱ्याही होत. तक्रार करणारे काही व्यापारी स्वतः मेक्सिकन वंशाचे होते. परंतु उपाय निवडताना कोणता पर्याय नाकारला गेला, हे पाहणे महत्त्वाचे आहे. मिरवणुकीसाठी रस्ता ठरावीक वेळ राखून ठेवण्याची पद्धत शहरांना अपरिचित नव्हती. फेरीला मात्र मिरवणुकीचा दर्जा मिळाला नाही.

१९८० च्या दशकात राज्याने ह्या धोरणास कायद्याचे अधिष्ठान दिले. वाहन-संहितेच्या २११०० क्रमांकाच्या कलमान्वये स्थानिक संस्थांना फेरीचे नियमन करण्याचा अधिकार मिळाला. वाहतूक तुंबलेली असताना एकाच नियंत्रण-स्थानावरून पुन्हा-पुन्हा गाडी नेणे, ही फेरीची व्याख्या ठरली. लेखी सूचना मिळाल्यानंतर जो पुन्हा तेथून जाईल तो अपराधी. वाहतूक तुंबली आहे की नाही, हे तेथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने ठरवावयाचे. सॅन होझे, सॅक्रामेंटो आणि पुढे १९९२ मध्ये सॅन दिएगोजवळची नॅशनल सिटी ह्या शहरांनी असे निर्बंध केले. पहिल्या कायद्याने गाडीचा आकार निषिद्ध ठरविला होता. दुसऱ्याने एकाच रस्त्याने परत येणे निषिद्ध ठरविले. आकार यंत्राने बदलता येत होता, म्हणून पहिल्या कायद्यास पंपाचे उत्तर मिळाले. परत येण्याला यांत्रिक उत्तर नव्हते. दुसऱ्या कायद्याला उत्तर देण्यासाठी मंडळांना स्वतःच बदलावे लागले.

५. मंडळांचे उत्तर

हे उत्तर तयार होण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९७७ मध्ये सॅन होझे येथे विद्यार्थीवर्गातून आलेल्या तरुणांनी ‘लोरायडर’ मासिक सुरू केले. २०१९ पर्यंत छापील स्वरूपात चाललेल्या ह्या मासिकाने विखुरलेल्या मंडळांना परस्परांची ओळख करून दिली. जपानमधील नागोयासारख्या शहरांतही अशी मंडळे निघाली. रस्ता बंद झाल्यावर मंडळे प्रदर्शनांकडे वळली. १९९० मध्ये न्यू मेक्सिकोतील चिमायो येथील एका कुटुंबाने घडविलेली ‘डेव्ह्ज ड्रीम’ ही १९६९ सालची फोर्ड गाडी स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहात आली. २००० साली लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाने ह्या परंपरेचे प्रदर्शन भरविले. ‘हॉट रॉड’ मासिकाच्या संस्थापकाच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूत संथ गाडीने प्रवेश केला, हा योग अर्थपूर्ण आहे. २०१७ मध्ये ‘जिप्सी रोज’ राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत दाखल झाली आणि राजधानीतील नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली.

हा गौरव मोठा खरा. पण त्यात एक तिढाही होता. जी गाडी राजधानीत राष्ट्रीय वारसा म्हणून दाखविली गेली, तिच्यासारखीच गाडी कॅलिफोर्नियातील अनेक शहरांत एकाच चौकातून फिरून-फिरून नेणे अपराधच होता. काचेच्या पेटीत उभी असलेली गाडी सर्वांना चालत होती. चालणारी गाडी चालत नव्हती. प्रदर्शनात कलाकृती जतन होते, प्रथा नव्हे, हे मंडळांनी ओळखले आणि पुन्हा रस्त्याची मागणी केली.

ह्या टप्प्याचे उत्तम उदाहरण नॅशनल सिटी हे होय. तेथील मंडळांनी संयुक्त आघाडी उभारून नगरसभेपुढे आपले म्हणणे मांडले. २०२२ मध्ये हायलँड अव्हेन्यू ह्या जुन्या फेरीच्या रस्त्यावर प्रायोगिक तत्त्वावर मासिक फेऱ्यांना परवानगी मिळाली. परंतु पोलीस बंदोबस्ताचा खर्च कोणी सोसावा ह्यावरून वाद झाला. परवानगीने फेरी काढावयाची तर ती खर्चिक समारंभ होते, आणि बिनपरवानगीने काढली तर अपराध होतो, ही कोंडी त्यातून स्पष्ट झाली. त्याच वर्षी सॅक्रामेंटो आणि सॅन होझे ह्यांनी, आणि २०२३ मध्ये नॅशनल सिटीने आपापले निर्बंध मागे घेतले. अखेर राज्य विधिमंडळाने ४३६ क्रमांकाचे विधेयक संमत केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यावर राज्यपालांची स्वाक्षरी झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून फेरीवर बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार व गाडीच्या उंचीचे जुने कलम ही दोन्ही एकदमच रद्द झाली. बेफाम वाहन चालविण्याविरुद्धचे कायदे अर्थातच कायम राहिले.

६. समारोप

ह्या साठ-पासष्ट वर्षांच्या वृत्तांतावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, ह्या प्रथेचा सलग इतिहास एकाच प्रकारच्या साधनांवरून लिहिता येणार नाही. पोलीस-नोंदी आणि नगरसभांचे ठराव फेरीला उपद्रव म्हणून पाहतात. तिच्यातील सभ्यता, वर्गणी, नियम आणि कुटुंबे त्यांत दिसत नाहीत. उलट मंडळांची छायाचित्रे, पाट्या आणि सभासदांच्या आठवणी गर्दीचा त्रास सोसणाऱ्या दुकानदाराविषयी मौन पाळतात. दोन्ही समोरासमोर ठेवल्याखेरीज खरे चित्र उमटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. रस्त्यांची आखणी करणाऱ्या यंत्रणेच्या लेखी रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन. ह्या व्याख्येत जो कोठेच जात नाही आणि पुन्हा तेथेच येतो, तो साहजिकच अडथळा ठरतो. मंडळांच्या लेखी रस्ता हेच ठिकाण होते. चौक, मैदान आणि सभागृह ह्यांची वाण असलेल्या वस्तीने आपली एकत्र येण्याची जागा रस्त्यातच शोधली. वाद गाडीच्या उंचीचा किंवा वेगाचा दिसत असला, तरी मुळात तो ह्या दोन व्याख्यांचा वाद होता.

कायद्याने २०२४ मध्ये त्या वादाचा निकाल दिला असे मानणे घाईचे होईल. त्याने एका पक्षास अपराधी म्हणणे सोडून दिले, इतकेच. कोंडी, बंदोबस्ताचा खर्च आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी हे प्रश्न आता मंडळे आणि नगरसभा ह्यांनी समोरासमोर बसून सोडवावयाचे आहेत. परंतु प्रश्न अपराधाच्या सदरातून निघून व्यवस्थेच्या सदरात आला, हे ह्या मंडळांच्या दीर्घ चिकाटीचे फळ होय. ज्यांनी वेग हा मोटारीचा एकमेव धर्म मानला नाही, त्यांना हा हक्कही संथपणेच मिळावा, हे ह्या इतिहासाच्या स्वभावाला धरूनच झाले.